पॅनडॉकमध्ये मराठी तक्ते का बिघडतात आणि ते दुरुस्त कसे करायचे

प्रश्न थोडक्यात असा: पतसंस्थेचा वार्षिक अहवाल मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरात खुणा घालून मांडणी सांगण्याची पद्धत) लिहिला आणि पॅनडॉकने (फाइल एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलणारा, कमांड देऊन चालवायचा प्रोग्राम) त्याची वर्ड फाइल व पीडीएफ काढली. वर्डमध्ये तक्त्यांना रेघाच नाहीत. 'तपशील' कॉलम चिंचोळा झाला आहे आणि 'शेरा' अर्धे पान खातो आहे. पीडीएफमध्ये शेवटचा कॉलम पानाबाहेर जातो. एकत्र केलेले सेल तर कुठे दिसतच नाहीत. कोणता पर्याय द्यायचा?

या चारही तक्रारी दूर करणारा एकच पर्याय नाही, कारण बिघाड वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. आधी पॅनडॉक तक्त्याचे नेमके काय करतो ते पाहू. (पर्यायांची आणि शैलींची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती मूळ रोमन स्पेलिंगमध्येच लिहायची. लांब पर्यायांच्या आधी दोन हायफन येतात.)

पॅनडॉक मूळ फाइल वाचून तिचा एक अंतर्गत सांगाडा बनवतो आणि त्या सांगाड्यावरून नवी फाइल लिहितो. तक्त्याच्या बाबतीत या सांगाड्यात मोजक्याच गोष्टी असतात: तक्त्याचे शीर्षक, प्रत्येक कॉलम डावा-उजवा-मध्य यांपैकी कुठे लावायचा, कॉलमची रुंदी ० ते १ मधल्या अपूर्णांकात, शीर्षओळी, मुख्य ओळी, तळओळी आणि कोणता सेल किती ओळी वा कॉलम व्यापतो हे. रेघा, रंग, फॉन्ट, ओळीची उंची यांना सांगाड्यात जागाच नाही. त्यामुळे मूळ वर्ड फाइलमधल्या जाड रेघा नव्या फाइलमध्ये आणणारा पर्याय शोधण्यात वेळ घालवू नका, तो मिळणार नाही. रचना मूळ मजकुरातून येते, रूप मात्र ज्या प्रकारची फाइल काढायची तिच्या नमुन्यातून येते.

म्हणून पहिले काम म्हणजे सांगाडा उघडून पाहणे. आउटपुटचा प्रकार 'नेटिव्ह' द्या आणि पूर्ण अहवालाऐवजी फक्त बिघडलेला एक तक्ता वेगळ्या छोट्या फाइलमध्ये घेऊन चालवा. तक्त्याच्या सुरुवातीलाच प्रत्येक कॉलमसाठी एक जोडी दिसेल. तिच्यात आधी 'अलाइनराइट' किंवा 'अलाइनलेफ्ट' असे काही असेल, आणि मग एकतर 'कोलविड्थ' व त्यापुढे आकडा, नाहीतर 'कोलविड्थडिफॉल्ट'. कॉलमची संख्या इथेच चुकली असेल, दोन सेल एकत्र आले असतील किंवा तक्ता साधा परिच्छेद झाला असेल, तर दोष मूळ लिखाणात आहे. इथे सगळे बरोबर असून वर्डमध्ये वाईट दिसत असेल, तर दोष नमुना फाइलमध्ये आहे. ही दोन मिनिटांची तपासणी टाळली की माणूस चुकीच्या टोकाला दिवसभर दुरुस्ती करत बसतो.

या प्रश्नातल्या अहवालात बहुतेक 'कोलविड्थडिफॉल्ट'च दिसेल, आणि रुंदीच्या दोन्ही तक्रारींचे मूळ तेच आहे. रुंदी दिलेली नसली की वर्ड स्वतःच्या अंदाजाने मजकूर पाहून कॉलम पाडतो. 'शेरा'मध्ये लांब वाक्य असेल तर तो कॉलम फुगतो आणि बाकीचे आकसतात. लाटेकमार्गे (पॅनडॉक पीडीएफसाठी मुळात वापरतो ती छपाई-मांडणीची प्रणाली) पीडीएफ काढताना रुंदी नसलेला कॉलम ओळ मोडतच नाही, सेलमधला मजकूर कितीही लांब असला तरी एकाच ओळीत जातो. शेवटचा कॉलम पानाबाहेर जातो तो यामुळे. एकदा रुंदी दिली की दोन्ही तक्रारी बऱ्याच अंशी मिटतात.

रुंदी कशी द्यायची हे तक्ता कोणत्या पद्धतीने लिहिला आहे यावर ठरते. पॅनडॉकच्या मार्कडाउनमध्ये तक्त्याच्या चार पद्धती आहेत: सिंपल, मल्टिलाइन, ग्रिड आणि पाइप. मराठीसाठी यांतली पाइप पद्धत नेहमी वापरा. बाकीच्या तिन्हींत कॉलम कुठे संपतो हे अक्षराच्या जागेवरून ठरते. इंग्रजीत मोनोस्पेस फॉन्ट घेतला की एक अक्षर म्हणजे एक खण, त्यामुळे डोळ्यांना जे सरळ दिसते ते पॅनडॉकलाही सरळ दिसते. देवनागरीत हे जमत नाही. 'क्षेत्र' हा शब्द पाहा. वाचताना अक्षरे दोन, पण फाइलमध्ये क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त, र अशी सात चिन्हे साठवलेली असतात, आणि एडिटर त्यांना स्वतःच्या फॉन्टप्रमाणे तिसरीच रुंदी देतो. उभ्या रेघा पडद्यावर सरळ दिसाव्यात म्हणून तुम्ही स्पेस वाढवता आणि नेमका त्यामुळेच तक्ता मोडतो. पाइप पद्धतीत जागेला अर्थ नसतो, उभी रेघ आली की सेल संपला. पडद्यावर तो वेडावाकडा दिसला तरी बिनधास्त राहा.

एक तक्ता जवळून पाहू:

| अ. क्र. | तपशील | गतवर्ष (₹) | चालू वर्ष (₹) | शेरा |
|---:|:-------------|------:|------:|:-------|
| १ | सभासद ठेवी | १२,४०,००० | १३,७५,५०० | मुदत ठेवींत वाढ झाली असून आवर्ती ठेवी स्थिर आहेत |

दुसऱ्या ओळीतले कोलन कॉलम कोणत्या बाजूला लावायचा ते सांगतात. रकमा उजवीकडे लावायच्या, म्हणून तिथे कोलन शेवटी आहे. हायफनांची संख्या रुंदीचे प्रमाण ठरवते आणि कोलनही त्या मोजणीत येतो. इथे पाच कॉलमना ४, १४, ७, ७ आणि ८ अशी एकूण ४० चिन्हे आहेत, म्हणजे १०, ३५, १७.५, १७.५ आणि २० टक्के. ए४ पानाला चारी बाजूंनी २.५४ सेंटिमीटर समास ठेवला तर मजकुराची रुंदी १५.९२ सेंटिमीटर उरते. त्यातला रकमेचा कॉलम साधारण २.८ सेंटिमीटरचा होतो. सेलच्या दोन्ही बाजूंची प्रत्येकी ०.१९ सेंटिमीटर मोकळी जागा वजा केली तर २.४ सेंटिमीटर हाती राहतात. ११ पॉइंटमध्ये लाखांतली रक्कम त्यात बसते. कोटींत आकडे असतील आणि पैसेही दाखवायचे असतील, तर 'तपशील'मधून दोन-तीन हायफन काढून रकमांना द्या. रक्कम मधेच तुटून दुसऱ्या ओळीवर गेली की वाचणारा ती चुकीची वाचतो, म्हणून रुंदी ठरवताना सुरुवात रकमेच्या कॉलमपासून करावी.

इथे एक खाच आहे आणि बहुतेक लोक तिच्यातच अडकतात. हायफनांचे हे प्रमाण पॅनडॉक नेहमी मानत नाही. तक्त्याची एखादी ओळ ठरलेल्या मर्यादेपेक्षा लांब असेल तरच मानतो, आणि ही मर्यादा मुळात ७२ असते. सगळ्या ओळी तिच्या आत असतील तर तो हायफन दुर्लक्षून 'कोलविड्थडिफॉल्ट' लावतो. म्हणूनच काल आटोपशीर दिसणारा तक्ता आज 'शेरा'त चार शब्द वाढवल्याबरोबर पानभर पसरतो, आणि एकाच अहवालातले दोन सारखे तक्ते वेगळे दिसतात. मराठीत ओळ ७२ च्या पुढे गेली की नाही हे डोळ्यांनी मोजून कळत नाही. 'कॉलम्स' या पर्यायाला २० असा लहान आकडा द्या. मग जवळपास प्रत्येक पाइप तक्ता मर्यादा ओलांडेल, पूर्ण रुंदी घेईल आणि तुमचे प्रमाण पाळेल. उलट, सगळे तक्ते मजकुराएवढेच रुंद राहावेत असे वाटत असेल तर आकडा १०,००० द्या. ग्रिड आणि मल्टिलाइन तक्त्यांची रुंदीही याच आकड्याच्या हिशेबात ठरते, त्यामुळे एका फाइलमध्ये पद्धतींची सरमिसळ करू नका.

याहून पक्का उपाय ल्युआ फिल्टरचा, म्हणजे सांगाड्यात बदल करणाऱ्या, ल्युआ भाषेत लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामचा आहे. अहवालात एकाच साच्याचे वीस-पंचवीस तक्ते असतील तर तोच वापरा. फिल्टरमध्ये 'टेबल' नावाचे एक फंक्शन लिहायचे. त्याला मिळणाऱ्या तक्त्यात 'कोलस्पेक्स' ही यादी असते. यादीतल्या प्रत्येक कॉलमसाठी एक जोडी असते, तिच्यात पहिली जागा बाजूची आणि दुसरी रुंदीची. यादीत पाच जोड्या असतील तर त्यांच्या दुसऱ्या जागी ०.१०, ०.३५, ०.१७५, ०.१७५ आणि ०.२० भरायचे आणि तक्ता परत द्यायचा. बेरीज १ पेक्षा जास्त होऊ देऊ नका, पीडीएफमध्ये तक्ता पुन्हा पानाबाहेर जाईल. फिल्टर पॅनडॉकच्या आतच चालतो, त्यामुळे ल्युआ वेगळे बसवावे लागत नाही, आणि त्याचा निकाल वर्ड, पीडीएफ व वेबपान तिन्हींत सारखाच लागतो.

पाइप तक्त्याच्या आणखी काही अडचणी पटापट सांगतो. तक्त्याच्या आधी रिकामी ओळ हवी, नाहीतर तो वरच्या परिच्छेदात मिसळतो. सेलमध्ये उभी रेघ लिहायची असेल तर तिच्या आधी उलटी तिरकी रेघ द्या. शीर्षओळ गाळता येत नाही, तिचे सेल रिकामे ठेवता येतात. तक्त्याचे शीर्षक वर किंवा खाली, एक ओळ सोडून, कोलनने सुरू करून लिहा. सेलमध्ये यादी किंवा दोन परिच्छेद बसत नाहीत. बरेच जण ओळ मोडायला एचटीएमएलचा 'बीआर' टॅग टाकतात. वेबपानावर तो चालतो, वर्ड फाइल काढताना मात्र गळून पडतो आणि दोन वाक्ये एकमेकांना चिकटतात.

सेलमध्ये यादी हवीच असेल तर 'लिस्ट-टेबल' नावाचा तयार ल्युआ फिल्टर मिळतो. त्यात तक्ता दुहेरी यादीसारखा लिहायचा असतो. बाहेरचा प्रत्येक मुद्दा एक ओळ, आतला प्रत्येक मुद्दा एक सेल. रुंदीचे प्रमाण आणि शीर्षओळींची संख्या वर गुणधर्म म्हणून द्यायची. लांबलचक मराठी मजकुरासाठी ही पद्धत मला पाइपपेक्षाही वाचनीय वाटते.

आता एकत्र केलेल्या सेलविषयी. पाइप तक्त्यात ते लिहिण्याची सोयच नाही. ग्रिडमध्ये आहे, पण देवनागरीत ग्रिड का नको ते वर सांगितलेच. शिवाय पॅनडॉकची आवृत्ती तपासा. ओळी-कॉलम व्यापणारे सेल सांगाड्यात २.१० या २०२० मधल्या आवृत्तीपासून आले. त्याआधीची आवृत्ती असेल तर काहीही केले तरी ते टिकणार नाहीत. नवी आवृत्ती असेल तर असा तक्ता एचटीएमएलमध्ये लिहिणे सर्वांत भरवशाचे. रुंदी 'कोल' टॅगवर टक्क्यांत द्या, पॅनडॉक ती वाचतो. मात्र मार्कडाउनमध्ये एचटीएमएल तक्ता नुसता चिकटवला तर वर्डमध्ये त्याचे टॅग गळतात आणि सेलमधला मजकूर सुटा पडतो. मार्कडाउन वाचताना पॅनडॉक प्रत्येक टॅग वेगळा कच्चा तुकडा म्हणून धरतो आणि मधला मजकूर मार्कडाउन समजून वाचतो. म्हणून पूर्ण तक्ता तीन बॅकटिकच्या कुंपणात घाला आणि कुंपणाच्या सुरुवातीला महिरपी कंसात बरोबरचे चिन्ह व एचटीएमएल असे लिहा. आता तो अखंड तुकडा राहतो. मग फिल्टरमध्ये 'रॉब्लॉक' फंक्शन लिहून, त्या तुकड्याचा प्रकार एचटीएमएल असेल तर 'पॅनडॉक.रीड'ने तो वाचायचा आणि मिळालेले ब्लॉक परत द्यायचे. चार-पाच ओळींचे काम आहे.

रेघांचा प्रश्न वर्डच्या नमुना फाइलमध्ये सुटतो. पॅनडॉकच्या मूळ नमुन्यात तक्त्याला शीर्षओळीखालची एकच रेघ असते, तो बिघाड नाही. 'प्रिंट-डिफॉल्ट-डेटा-फाइल' या पर्यायाने मूळ नमुना बाहेर काढा आणि वर्डमध्ये उघडा. कोऱ्या फाइलपासून नमुना बनवू नका, लागणाऱ्या शैली तिच्यात नसतात. उघडलेल्या फाइलमध्ये एक छोटा तक्ता आहे. त्यात कर्सर ठेवा, वर 'टेबल डिझाइन' टॅबवर जा. शैलींच्या पट्टीत 'टेबल' हीच शैली निवडलेली दिसेल. तिच्यावर उजवे क्लिक करून 'मॉडिफाय टेबल स्टाइल' घ्या. 'होल टेबल' निवडून सर्व बाजूंच्या अर्ध्या पॉइंटच्या रेघा द्या. मग 'हेडर रो' निवडून ठळक अक्षर आणि फिकी पार्श्वभूमी द्या. शैलीचे नाव बदलू नका. फाइल सेव्ह करून 'रेफरन्स-डॉक' पर्यायाने तिचा पत्ता द्या.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे शैली न बदलता त्या नमुन्यातल्या तक्त्यालाच रेघा मारणे. पॅनडॉक नमुना फाइलमधला मजकूर टाकून देतो आणि शैली व समासासारखी पानाची मांडणी तेवढी घेतो, त्यामुळे ती मेहनत वाया जाते.

वर्ड नसेल आणि लिब्रेऑफिसवर काम असेल तर ही शैली तिथून नीट बदलत नाही. मग नमुना फाइल झिपसारखी उघडा, 'वर्ड' फोल्डरमधली 'स्टाइल्स' एक्सएमएल फाइल साध्या एडिटरमध्ये घ्या आणि 'टेबल' या ओळखीची तक्ताशैली शोधा. तिच्या तक्ता-गुणधर्मांत वर, डावी, खाली, उजवी, आतली आडवी आणि आतली उभी अशा सहा रेघा लिहा. जाडीचा आकडा पॉइंटच्या आठव्या भागात असतो, म्हणजे ४ लिहिले की अर्धा पॉइंट.

मराठीसाठी अजून दोन गोष्टी याच नमुन्यात पाहाव्या लागतात. वर्ड देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' मानतो. तिचा फॉन्ट, आकार आणि ठळकपणा रोमन अक्षरांपेक्षा वेगळा नोंदवलेला असतो. शीर्षओळ ठळक केली, इंग्रजी अक्षरे ठळक झाली आणि मराठी तशीच राहिली, तर कारण हेच. फॉन्टच्या खिडकीत 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'चा भाग वेगळा भरा. तो दिसत नसेल तर वर्डच्या भाषा-सेटिंगमध्ये मराठी जोडा. दुसरे, सेलमधला मजकूर 'कॉम्पॅक्ट' या परिच्छेदशैलीत येतो. तक्ता दाट करायला तिथे ओळींचे अंतर 'एक्झॅक्टली' करून १२ पॉइंट दिले की ११ पॉइंटच्या देवनागरीतले रफार आणि मात्रा वरून कापल्या जातात, 'वर्षे'चा 'वषे' होतो. अंतर 'सिंगल'च ठेवा आणि परिच्छेदाच्या आधीची-नंतरची जागा कमी करा.

पीडीएफकडे वळू. पॅनडॉकचे मूळ पीडीएफ इंजिन पीडीएफलाटेक आहे, मराठीसाठी 'पीडीएफ-इंजिन' म्हणून झीलाटेक द्या. 'मेनफॉन्ट'मध्ये नोटो सेरिफ देवनागरीसारखा फॉन्ट आणि 'मेनफॉन्टऑप्शन्स'मध्ये स्क्रिप्ट देवनागरी असल्याचे लिहा. हे दुसरे विसरले की जोडाक्षरे सुटी पडतात आणि पहिली वेलांटी चुकीच्या जागी जाते. तक्ते लाटेकच्या 'लाँगटेबल' या अनेक पानी तक्त्यांच्या प्रकारात येतात, त्यामुळे ते पुढच्या पानावर आपोआप वाहतात. मात्र लाँगटेबल दोन कॉलमी पानावर चालत नाही, सरळ एरर देऊन थांबतो. दोन कॉलमी मांडणी हवी असेल तर तक्त्यांपुरती एक कॉलमी करावी लागते. आठ-दहा कॉलमांचा तक्ता आडव्या पानावर घ्यायचा तर लाटेकमध्ये 'पीडीएफएलस्केप' पॅकेज आहे. वर्डसाठी त्या जागी ओपनएक्सएमएलचा (वर्ड फाइल आतून ज्यात लिहिलेली असते त्या भाषेचा) कच्चा तुकडा टाकून नवा विभाग सुरू करावा लागतो, मार्कडाउनमध्ये त्यासाठी साधी खूण नाही.

लाटेकच्या तक्त्यात उभ्या रेघा नसतात, कारण पॅनडॉक मुद्दाम 'बुकटॅब्स'ची, म्हणजे फक्त आडव्या रेघांची मांडणी वापरतो. छापील अहवालाला ती शोभते. सहकार खात्याच्या किंवा लेखापरीक्षकाच्या नमुन्यासारखा चौकटींचा तक्ता हवा असेल तर लाटेकशी झगडू नका. 'वीझीप्रिंट' हे इंजिन घ्या. ते एचटीएमएल आणि सीएसएसमधून (वेबपानाचे रूप ठरवणारी भाषा) पीडीएफ काढते, देवनागरी नीट जुळवते आणि शीर्षओळ प्रत्येक पानावर पुन्हा छापते. सीएसएसमध्ये सेलना अर्ध्या पॉइंटची रेघ आणि तक्त्याला 'बॉर्डर-कोलॅप्स' दिले की काम होते, नाहीतर प्रत्येक सेलभोवती दुहेरी रेघ दिसते.

उलट दिशेने, म्हणजे जुन्या वर्ड अहवालातले तक्ते मार्कडाउनमध्ये आणतानाही गडबड होते. पॅनडॉक आपण होऊन आधी सिंपल पद्धत निवडतो, आणि मराठीत ती नंतर हाताने दुरुस्त करणे अशक्य होऊन बसते. आउटपुटच्या प्रकाराच्या नावापुढे वजाचे चिन्ह लावून सिंपल, मल्टिलाइन आणि ग्रिड ही तिन्ही एक्स्टेन्शन (चालू-बंद करता येणाऱ्या सोयी) बंद करा, मग पाइप तक्ते मिळतील. पाइपमध्ये न मावणारा तक्ता असेल तर तो एचटीएमएलमध्ये येईल. तीही वाट बंद असेल तर त्या जागी चौकोनी कंसात इंग्रजीत नुसता 'टेबल' हा शब्द उरतो आणि मजकूर जातो. मोठी फाइल फिरवल्यावर हा शब्द शोधून पाहा आणि सापडलाच तर अधिक चिन्ह लावून रॉ एचटीएमएलचे एक्स्टेन्शन चालू करा. पहिली ओळ शीर्षओळ म्हणून न येता वर रिकामी ओळ दिसत असेल, तर मूळ वर्ड फाइलमध्ये त्या तक्त्याच्या 'टेबल डिझाइन' टॅबवर 'हेडर रो'ची खूण नसते. ती करा, फाइल सेव्ह करा आणि पुन्हा फिरवा.